तेलाच्या देशात बँकांनी कर्ज वाढवलं की उद्योग उभे राहतात का?

सरसकट नाही. आकडा वाढला म्हणून काही होत नाही, कर्ज कुणाला दिलं आणि त्याचा हप्ता कुठल्या पैशातून येणार ते बघा. मी ओमानबद्दल सांगतो, कारण तिथे मी टेबलाच्या चुकीच्या बाजूला बसलो होतो.

रुसैल औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या बाटल्या-डबे बनवणाऱ्या कारखान्यात मी हिशेब बघायचो. तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, बँकांकडे पैशाला तोटा नव्हता. आम्हाला आणखी एक ब्लो मोल्डिंग मशीन (प्लास्टिक फुगवून बाटल्या घडवणारं) घ्यायचं होतं. गिऱ्हाइकं खाजगी: ताकवाले, साबणवाले, पाणीवाले. तीन वर्षांचे ताळेबंद घेऊन मी आणि आमचा अरबाब, म्हणजे कारखान्याचा मालक, बँकेत गेलो. तारण काय, पहिला प्रश्न. वसाहतीतली जमीन भाडेपट्ट्याची, ती कोण धरणार? दुसरा प्रश्न, सरकारी किंवा तेल कंपनीचं कंत्राट आहे का? नाही. मग चहा आला. चहा पिता पिता त्या अधिकाऱ्याने मलाच गाडीसाठी कर्ज घ्या म्हणून सुचवलं, फक्त पगाराचा दाखला आणा म्हणाला! अरबाबचा पुतण्या मंत्रालयात कारकून, त्याचं कर्ज मात्र त्याच शाखेतून आठवड्याच्या आत झालं. शेवटी अरबाबने स्वतःचा बंगला गहाण टाकून मशीन आणलं.

आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या रस्ते-बांधणी कंत्राटदाराला तीच बँक हात जोडून कर्ज देत होती. 2014 च्या मध्यानंतर तेलाचा भाव कोसळला, जानेवारी 2016 मध्ये तो तीसच्याही खाली गेला. सरकारकडून येणारे बिलांचे पैसे रखडले आणि शेजाऱ्याचे ट्रक आवारात धूळ खात उभे राहिले. आमचा धंदा मंदावला, पण ताक काही लोकांनी सोडलं नाही.

कागदावर त्या कंत्राटदाराचं कर्ज 'बिगर-तेल क्षेत्रा'तलं. कारकुनाचं गाडीकर्जही तेलाबाहेरचंच. हप्ता मात्र दोघांचाही सरकारी तिजोरीतून, आणि तिजोरी भरते तेलाने. विहीर एकच, नळ तेवढे वेगवेगळे. बँकेतल्या ठेवींतही सरकार आणि सरकारी संस्थांचा वाटा मोठा. त्यामुळे तेल पडलं की ठेवी आटतात आणि कर्जदारही एकाच वेळी अडचणीत येतो.

मध्यवर्ती बँकेला हे दिसत नव्हतं असं नाही. वैयक्तिक कर्जावर मर्यादा होती, व्याजालाही कमाल दर होता. 2013 मध्ये एकूण कर्जापैकी किमान 5 टक्के लहान-मध्यम उद्योगांना द्या असा आदेशही निघाला. तेवढं गाठतानाही बँकांची दमछाक झाली.

माझे साडू पुण्यात बँकेतून निवृत्त झाले. त्यांचं पालुपद ठरलेलं: "चांगले प्रकल्पच येत नाहीत, बँक काय करणार?" दर दिवाळीला हा वाद होतो. अहो, प्रकल्प चांगला की वाईट हे बघायला ताळेबंद वाचावा लागतो. पगाराचा दाखला बघून काम भागत असेल तर ते कष्ट कोण घेतंय?

त्यांच्या बाजूने एवढं कबूल करतो की सगळा दोष बँकेचा नाही. ओमानी रियाल 1986 पासून डॉलरला एकाच दराने बांधलेला, एका रियालला साधारण 2.6 डॉलर. म्हणजे तेल पडलं तरी रियाल स्वस्त होऊन बाहेरचा माल महाग होत नाही. बहुतेक परदेशी मालावर जकात फक्त 5 टक्के. दुबईच्या जबल अली बंदरात उतरलेला माल ट्रकने मस्कतला येतो आणि आमच्या डब्यापेक्षा स्वस्त विकला जातो, तिथे कारखान्याला नफा उरणार किती? शिवाय ठेवी थोड्या मुदतीच्या, मशीनचं कर्ज लांब मुदतीचं. ओमानमधली सोहार आणि सलालाहची मोठी बंदरं काही अशा शाखांमधल्या कर्जांवर उभी राहिली नाहीत, त्यामागे सरकार आणि परदेशी भागीदार होते.

तुम्ही अभ्यासासाठी विचारत असाल तर बँकेच्या अहवालातली क्षेत्रवार कर्जाची यादी तशीच उचलू नका. प्रत्येक क्षेत्राचं शेवटचं बिल कोण भरतं ते शोधा. आणि कुणी "प्रकल्पच येत नाहीत" म्हणालं, तर नाकारलेल्या अर्जांची फाइल दाखवा म्हणावं. साडूंनी मला अजून दाखवलेली नाही.