प्रश्न तुमचे : बर्फाचा उतार

प्रश्न : आम्ही सहा जण जानेवारीत उत्तराखंडात ट्रेकला जातोय. वाट बरीचशी जंगलातून आहे, म्हणून हिमस्खलनाची भीती नाही, असं आयोजक म्हणतात. खरं का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : अर्धंच खरं. झाडांमधून माणूस सहज चालू शकत असेल, तर बर्फही तिथून खाली येऊ शकतो. खोडांच्या वरच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या दिसल्या, किंवा दाट रानात मधेच वरून खालपर्यंत उघडा पट्टा दिसला, तर ती हिमस्खलनाची नेहमीची वाट समजा.

आयोजकांना झाडांपेक्षा उताराचं विचारा. बर्फाची अख्खी लादी सुटते ती बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचत नाही, आधीच थोडा थोडा गळून जातो. उताराचा अंदाज नागपुरात बसूनही येतो. 1:50,000 च्या नकाशावर समोच्च रेषा 40 मीटरच्या टप्प्याने काढल्या असतील, तर दोन रेषांमधलं अंतर 1.4 मिलिमीटरपेक्षा कमी झालं की उतार 30 अंशांपुढे गेला. मात्र रेषांच्या मधे लपलेला पंधरा-वीस मीटरचा उभा तुकडा नकाशात दिसत नाही. तिथे काठी बर्फावर उताराच्या दिशेने आडवी ठेवा आणि तिच्यावर मोबाइलमधला कोनमापक ठेवून मोजा.

पायाखाली सपाट असलं तरी डोक्यावर काय आहे ते बघायलाच हवं. 28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांचा तळ गाडला गेला, आठ जण दगावले. ते काही कुठला उतार चढत नव्हते.

हिमस्खलनाचा अंदाज डीजीआरई ही चंडीगडची संस्था देते, तो रोज पाहा. 24 तासांत 30 सेंटिमीटर नवा बर्फ, जोराचा वारा, बर्फावर पाऊस किंवा एकाएकी ऊब, यांतलं काहीही झालं तर उभ्या उताराखालून जाऊ नका. निदान एक-दोन दिवस थांबा. वारा बर्फ उचलून कड्याच्या आडोशाच्या बाजूला रचतो, त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही तिथे ओझं वाढतं. पहाटे निघालं की झालं, हा समजही अपुरा. उन्हाने ओला होऊन घसरणारा बर्फ त्याने टळतो. खालचा थर कच्चा असेल तर लादी पहाटेही तुटते. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला, चिरा धावल्या, की आल्या पावली परत फिरा. त्यावर चर्चा नको.

प्रश्न : बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायला अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र) महाग आहेत. सहा जणांत दोन चालतील का?
– दुसरे एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : नाही. ज्याच्याकडे बीकन नाही त्याला बीकनने शोधता येत नाही. प्रत्येकाकडे बीकन, किमान 240 सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि धातूचं फावडं हवं. प्लास्टिकचं फावडं तुटतं, कारण घसरून थांबलेला बर्फ दगडासारखा आवळतो. गाडला गेलेला माणूस साधारण पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचण्याची आशा मोठी असते, नंतर ती झपाट्याने घटते. बाहेरून मदत यायला त्याहून कितीतरी वेळ लागतो, म्हणजे शोधायचं सोबत्यांनीच.

माणूस शेवटचा कुठे दिसला ते ध्यानात ठेवा. बाकी सगळ्यांनी बीकन शोध-स्थितीत, म्हणजे संदेश सोडण्याऐवजी पकडायला, घ्यायचे, मोबाइल बंद करून निदान 50 सेंटिमीटर दूर. बीकनवर दिसणारं अंतर तीन मीटरच्या आत आलं की बीकन बर्फालगत फिरवा. नंतर प्रोब उताराला काटकोनात खुपसा, 25 सेंटिमीटरच्या अंतराने चक्राकार. प्रोब माणसाला लागला की तो तिथेच राहू द्या. उकरायचं वरून नाही, उताराच्या खालच्या अंगाने, खोलीच्या साधारण दीडपट अंतरावरून आत.

सराव कन्हान नदीच्या कोरड्या वाळूत करा : चालू बीकन डब्यात घालून कोणीतरी पुरायचा, बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधायचा.

प्रश्न : मोबाइलवर लोकेशन शेअर करून भागेल का?
– वाचक, रामदासपेठ

उत्तर : नाही. तिकडे बरेचदा नेटवर्कच नसतं, आणि असलं तरी काही मीटरची चूक म्हणजे भलत्याच जागी खड्डा.