डाइव्हनंतर कानापुढं दुखतंय: कान की जबडा?

तारकर्लीत दोन स्कूबा डाइव्ह झाल्या, कोल्हापूरला परतल्यापासून उजव्या कानापुढं दुखतंय, तोंड उघडताना कट्ट वाजतं, मटण चावताना कळ येते. कान बिघडला का, असं तुम्ही विचारलंय.

कानाला दाब बसला तर खाली उतरताना, पहिल्या काही मीटरांतच दुखतं आणि मागाहून दडा बसतो. तुमचं दुखणं वर आल्यावर सुरू झालंय, ऐकूही नीट येतंय. कानाच्या छिद्रापुढं बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. दुखरी जागा तिथंच सापडली, तर बहुधा जबड्याचा सांधा. चक्कर, कानातून रक्त किंवा कमी ऐकू येणं, यातलं काहीही असेल तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा.

जबडा दुखायला कारण बहुधा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र. त्याचा दातांत धरायचा मऊ भाग म्हणजे माउथपीस. भाड्याच्या रेग्युलेटरच्या माउथपीसला चावायच्या टॅब बऱ्याचदा आखूड असतात. त्या पुढच्या दातांतच राहतात, दाढा अधांतरी. खालचा जबडा पुढं सरकतो आणि डाइव्हभर स्नायू आवळलेले राहतात. थंड पाण्यात ओठ बधिरतात म्हणून माणूस जास्त चावतो. मालवणचं पाणी कोमट, तिथं बहुतेकदा भीतीनंच दात आवळले जातात. तुमची एकच बाजू दुखतेय, म्हणून होजही (रेग्युलेटरला हवा आणणारी नळी) बघा. तो आखूड असला की मान वळवताना रेग्युलेटर उजवीकडं ओढला जातो आणि ती ओढ जबडा सोसतो. लांब होज किंवा स्विव्हल (फिरता जोड) लावला की फरक पडतो.

माउथपीस स्वतःचाच घ्या. लांब टॅबचा, नाहीतर गरम पाण्यात मऊ करून दातांना बसवायचा. पाकिटावर लिहिलेत तेवढेच सेकंद बुडवा. दाढा हलक्या टेकवा. करकचून चावलात तर टॅब पातळ होऊन तिथंच फाटते. झिप टाय (माउथपीस रेग्युलेटरला आवळणारी प्लॅस्टिकची पट्टी) खाचेत घट्ट बसवा, कापलेलं टोक गालाला लागू देऊ नका. ती सैल राहिली तर पाण्यात रेग्युलेटर निसटतो आणि माउथपीस तेवढा दातांत उरतो! मग तलावात, कमरेइतक्या पाण्यात सराव करा: ओठांनी पकड, दात सैल.

दोन आठवडे आमटी-भात, खिचडी. रस्सा चालेल, फोडी नकोत. सुपारी आणि च्युइंगगम बंद. दिवसातून दोन-तीनदा 10-15 मिनिटं गरम शेक घ्या. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. कान मोकळे करायला जबडा पुढं-मागं हलवायची सवय असेल, तर सध्या ती सोडा. नाक चिमटीत धरून हलकेच फुंका.

स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावली, म्हणजे साधारण 40 मिमी, तर तोंड पुरेसं उघडतंय. दोनच मावत असतील किंवा जबडा अडकत असेल, तर शेकत बसू नका, जबड्याच्या सर्जनना दाखवा. तीन बोटं न दुखता मावेपर्यंत आणि तलावात अर्धा तास रेग्युलेटर विनात्रास धरता येईपर्यंत समुद्रात उतरू नका.