ब्रिटनमध्ये खरंच एखादा पोस्टमन गृहमंत्री झाला होता का?

हो, अ‍ॅलन जॉन्सन, लेबर पार्टीचे. जन्म १९५० चा, लंडनमधलाच पण एकदम गरीब वस्तीतला, बाप घर सोडून गेलेला, आई वारली तेव्हा हे १३ वर्षांचे आणि मग सांभाळलं कोणी तर मोठ्या बहिणीने, जी स्वतःच जेमतेम १६ ची होती! १५ व्या वर्षी शाळा सुटली, टेस्को या सुपरमार्केटमध्ये माल लावायचं काम केलं, १८ व्या वर्षी पोस्टमन. तिथून टपाल कामगारांची युनियन, १९९२ ला थेट तिचे जनरल सेक्रेटरी. १९९७ ला हल (Hull) या शहरातून खासदार, पुढे शिक्षण, आरोग्य वगैरे खाती करत २००९ ला गृहमंत्री. कॉलेजचं तोंड न बघितलेला माणूस शिक्षणमंत्री, हे मला जास्त भारी वाटतं. २००७ ला पक्षाचं उपनेतेपद मात्र हॅरिएट हारमनकडून एक टक्क्याहून कमी फरकाने हुकलं.