सकाळच्या बातम्यांवर लिहायला बसताय? आधी एवढं करा

रोज सकाळी बातम्यांवर चार ओळी लिहायचं ठरवलंत, फार छान! पण पहिल्याच आठवड्यात सगळं जग कवेत घेऊ नका. एक मोठी बातमी, एक राजकीय घडामोड, एक गमतीशीर माहिती. बस.

नवीन माणूस हमखास घसरतो तो मथळ्यावर. मथळा वाचला की मत ठोकून मोकळा! ३ नोव्हेंबर १९४८ ला अमेरिकेतल्या 'शिकागो ट्रिब्यून'ने तिथल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूई जिंकल्याचं ठळक छापलं आणि निवडून आले ट्रुमन. नावाजलेल्या वर्तमानपत्राचं असं होतं, तर आपण बातमी शेवटपर्यंत वाचायलाच हवी.

बाकी नेहमीच्या चुका:

- 'आघाडीवर' म्हणजे 'विजयी' नव्हे, आणि विधेयक मांडलं म्हणजे कायदा झाला नव्हे.
- आकडा दिसला की थांबा. व्याजदर ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेला, तर कुणी 'एका टक्क्याने वाढला' म्हणेल, कुणी 'पंचवीस टक्क्यांनी'. ज्याला जो सोयीचा, तो तेवढाच सांगतो. तुम्ही आधीचा आणि आताचा, दोन्ही दर लिहा. वाचणारा हिशेब करतो.
- चंद्रावरून चीनची भिंत दिसते, असल्या ऐकीव गोष्टी पुढे ढकलू नका. ती दिसत नाही.

मत जरूर मांडा, अगदी ठणकावून मांडा. फक्त बातमी कुठे संपली आणि तुमचं मत कुठे सुरू झालं ते वाचणाऱ्याला कळू द्या. माझ्या मते याहून महत्त्वाचं काही नाही.

चूक झाली तर त्याच दिवशी, वरच दुरुस्ती टाका. खोल विश्लेषणाचं नंतर बघू. उद्याचं लिहून टाका, छोटं असलं तरी चालेल.