कपाटामागची मातीची रेघ

जूनचे पहिले दोन पाऊस पडले की या सदराकडे एकाच विषयाची पत्रं सुरू होतात, वाळवी. संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमतात, सकाळी खिडकीच्या कठड्यावर नुसते पंख पडलेले असतात, आणि मग लोक घाबरून कपाटं सरकवून बघतात. यावेळी चार पत्रं एकत्र घेतलीत.

प्रश्न : ताई, सिंहगड रोडला आमचा तळमजल्याचा फ्लॅट आहे, बिल्डिंग पंचवीसेक वर्षं जुनी. बेडरूमचं कपाट बाथरूमच्या भिंतीला लागून आहे. परवा साड्या काढताना मागच्या प्लायला हात लागला तर बोट सरळ आत गेलं, आणि भिंतीवर पेन्सिलीएवढी मातीची रेघ दिसली. तिघांकडून कोटेशन घेतलं. एक म्हणतो फक्त फवारतो, दुसरा म्हणतो घरभर ड्रिल मारावं लागेल, तिसरा म्हणतो हर्बल आहे, वास नाही काही नाही. सासूबाईंना दमा आहे. कुणाला बोलवू?

उत्तर : आधी ती रेघ सगळी खरवडून टाकू नका. मधे इंचभर फोडा आणि दोन-तीन दिवसांनी बघा, परत मातीने बुजवलेली दिसली तर आतमधे ये-जा चालू आहे असं समजायचं. वाळवीचं अंग मऊ असतं, उजेडात वाऱ्यात ती सुकून मरते, म्हणून जमिनीतून लाकडापर्यंत हा मातीचा बोगदा बांधून ती त्यातूनच चालते. तुमच्या कपाटात येतात त्या कामकरी, राणी आणि बाकीचं सगळं गाव खाली जमिनीत आहे. म्हणून नुसत्या फवारणीने त्या दिवशी दिसलेल्या मरतात आणि खालचं गाव जसंच्या तसं राहतं, दोन महिन्यांनी दुसऱ्या भिंतीतून वर.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. आमच्या घरी एकाने येऊन दहा मिनिटांत फवारा मारला, पैसे घेतले, पाच वर्षांची गॅरंटी लिहून दिली. पुढच्या पावसाळ्यात माळ्यावरचा खोका उघडला, वडिलांच्या वह्या होत्या त्यात, वरचे पुठ्ठे अगदी शाबूत, आणि आत पानांच्या जागी मातीचा थर, स्टेपलच्या गंजलेल्या पिना तेवढ्या राहिलेल्या. तो माणूस परत फोन उचलेना. तेव्हापासून मी सगळ्यांना कळकळीने सांगते, गॅरंटीचा कागद नंतर बघा, आधी तो माणूस काम काय करणार आहे ते विचारा.

तळमजला असल्याने तुमच्यासाठी ड्रिलवालाच बरोबर आहे, पण त्याच्याकडून हिशोब मागा. बांधून झालेल्या घरांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा भाग ३, त्यानुसार फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे साधारण फुटाफुटावर भोक पाडून प्रत्येकात लिटरभर द्रावण जिरवायचं असतं. तुमची बेडरूम १० बाय १२ धरली तर चारी भिंती मिळून ४४ फूट, दाराची जागा सोडली तरी चाळीस भोकं, म्हणजे एका खोलीला चाळीस लिटर! आता जो माणूस पाच लिटरचा एक पंप घेऊन येतो आणि दुपारपर्यंत अख्खं घर उरकतो म्हणतो, त्याने काय केलं असेल तुम्हीच सांगा. चौकटींना वेगळी बारीक तिरपी भोकं पाडून औषध सोडतात, तेही विचारा.

औषधाचं नाव बिलावर लिहून घ्या. बरेच जण अजून क्लोरपायरीफॉस वापरतात, पाण्यात घातलं की दुधासारखं पांढरं होतं आणि रॉकेलसारखा उग्र वास घरभर राहतो. सासूबाईंना दमा आहे तर मी तुमच्या जागी इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी मागेन, त्याला वास जवळपास नसतो, प्रमाण लिटरला २.१ मिली, म्हणजे वरच्या चाळीस लिटरला ८४-८५ मिली. त्याचा अजून एक फायदा असा की वाळवीला ते जाणवत नाही, त्यातून चालत जाते, लगेच मरत नाही आणि अंगाला लागलेलं बाकीच्यांना लावते. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी सगळं थांबलं नाही म्हणून घाबरू नका, काही आठवडे लागतात. बाटलीचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा, आणि कृषी विभागाचं लायसन्स बघायला मागा, चांगला माणूस राग न येता दाखवतो. वास नसला तरी विष आहेच, तेव्हा सासूबाईंना दोन-तीन दिवस नणंदेकडे नाहीतर कुठेतरी पाठवा, त्यांच्या डॉक्टरांनाही विचारून घ्या, आणि भोकं व्हाइट सिमेंटने बुजवून फरशी पुसून झाल्याशिवाय लहान मुलांना खोलीत सोडू नका. सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी तुमच्या भिंतीजवळ असेल तर ते आधी सांगा, त्या बाजूला ड्रिल नको म्हणजे नको.

हर्बलबद्दल, कडुनिंबाचं तेल वगैरे जिथे लागतं तिथल्या किड्याला मारेल, पण जमिनीत टिकून वर्षानुवर्षं अडवेल असं नाही, तुमच्या केसमध्ये मला ते पुरेसं वाटत नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी प्लंबर. कपाट नेमकं बाथरूमच्या भिंतीलाच का लागलं, कारण तिथे ओल आहे. नळाचा जॉइंट नाहीतर टाइल्सचे सांधे गळत असणार. ते तसंच ठेवून हजारो रुपये घातले तर वाळवीला परत आमंत्रण आहे. बाथरूमच्या आतल्या बाजूने मात्र ड्रिल मारू देऊ नका, वॉटरप्रूफिंग फुटतं, बेडरूमच्या बाजूनेच करा.

प्रश्न : आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. किचन ट्रॉलीच्या मागे वाळवी निघाली. सोसायटी म्हणते तुमच्या घरातलं आहे, तुम्हीच करा. तिसऱ्या मजल्यापर्यंत वाळवी येते का हो?

उत्तर : येते हो काका, आरामात येते. पाइपांच्या डक्टमधून, वायरिंगच्या नळीतून, भिंतीच्या भेगांतून. डक्टचं दार उघडून टॉर्च मारा, तिथे खालपासून वर आलेली मातीची रेघ दिसली तर फोटो काढून कमिटीला दाखवा, मग तो एकट्या तुमच्या घराचा प्रश्न राहत नाही. बिल्डिंगच्या बाहेरून भिंतीलगत चर खणून मातीत औषध जिरवणं आणि डक्ट साफ करणं हे सोसायटीनेच करायला हवं, खालच्या मजल्यावरच्यांचा तर त्यात तुमच्यापेक्षा जास्त फायदा आहे.

तळमजल्यासारखं फरशीत ड्रिल मात्र तुम्ही करू नका. तुमच्या खाली माती नाही, कुणाचं तरी छत आहे! तुमच्याकडे ट्रॉलीच्या लाकडात, भिंतीच्या भेगेत इंजेक्शनने औषध सोडतात, किंवा आमिषाचा डबा लावतात. त्या आमिषात क्लोरफ्लुअझुरॉनसारखं औषध असतं, ते खाल्लं की वाळवीला कात टाकता येत नाही आणि वसाहत हळूहळू संपते. वेळ लागतो, महिनेसुद्धा लागतात, पण घरात फवारणी होत नाही म्हणून ज्यांच्याकडे तान्हं बाळ आहे किंवा माशांची टाकी आहे त्यांना मी हेच सुचवते. डबा सारखा उघडून बघू नका, हलवलं की त्या तिथे यायच्या बंद होतात.

प्रश्न : तळमजल्यावरच्या घराचं रिनोव्हेशन काढलंय, फरश्या बदलतोय आणि नवीन फर्निचर करतोय. भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो तर दुकानदार म्हणाला वॉटरप्रूफ प्लाय घ्या, वाळवी लागतच नाही. खरंय का?

उत्तर : नाही. वॉटरप्रूफ म्हणजे त्यातला डिंक पाण्याने सुटत नाही, बीडब्ल्यूपी, म्हणजे ‘बॉइलिंग वॉटर प्रूफ’, लिहिलेलं असतं ते. लाकडावर वाळवीची प्रक्रिया केली आहे का ते वेगळं विचारायचं आणि बिलावर लिहून घ्यायचं. सागवानातही झाडाच्या गाभ्याचं तपकिरी लाकूड टिकतं, कडेचं पांढरट लाकूड वाळवी खाते, सुतार स्वस्तात देतो तेव्हा ते पांढरं किती आहे बघा.

पण दादा, तुमची खरी संधी फर्निचरमध्ये नाहीये, फरश्या निघाल्यात त्यात आहे. खालची माती उघडी आहे तेव्हाच औषध जिरवून घ्या, नंतर तेच काम भोकं पाडून करायला लागतं. आणि कपाटं भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून करा म्हणजे टॉर्च मारून मागे बघता येतं.

प्रश्न : कसबा पेठेतला आमचा जुना वाडा आहे. सागवानी खांबाच्या पायाशी रोज पिठासारखी बारीक पावडर पडते. मातीची रेघ कुठेच नाही. ही वाळवीच ना?

उत्तर : मला नाही वाटत. जमिनीतली वाळवी पोकळीत माती भरते, पीठ पाडत नाही. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि त्याखाली पीठ असेल तर तो लाकूड पोखरणारा भुंगा असतो. पावडर झाडून घ्या, रात्री खाली काळा कागद ठेवा, सकाळी त्यावर नवीन पीठ पडलेलं दिसलं तर काम आत चालू आहे. याला जमिनीत ड्रिल मारून काही उपयोग नाही, औषध त्या भोकांतून लाकडातच सोडावं लागतं, तेव्हा वाळवीचं पॅकेज कुणी गळ्यात मारायला लागला तर घेऊ नका. आणि खांबाला पायापासून हातभर उंचीपर्यंत स्क्रूड्रायव्हरने ठिकठिकाणी टोचून बघा. टोक नुसतं रुतलं तर ठीक, पण बोटभर आत गेलं तर आधी इंजिनियरला दाखवा, औषधाचं नंतर, आणि तोवर त्या खांबाच्या तुळईखाली कुणाचं अंथरूण घालू नका.