एल्डन रिंग अवघड, स्टारफील्ड कंटाळवाणा: मग गाजलेले गेम खरंच चांगले असतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परीक्षणं वाचून एल्डन रिंग आणि स्टारफील्ड घेतले. पहिला मार्गिट नावाच्या बॉसपाशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूपाशी, अडकला, दुसरा कंटाळा येऊन सोडला. तर अलीकडचे गाजलेले गेम खरंच तेवढे चांगले आहेत की नुसता गाजावाजा, आणि यापुढे काय घ्यावं?

दोन्ही गेम तुम्ही अर्ध्यावर सोडलेत, पण त्यांना एकाच माळेत ओवू नका. एल्डन रिंग तुम्ही ज्या गोष्टीमुळे सोडलात, तिच्यासाठीच लाखो लोक तो पुन्हा पुन्हा खेळतात. स्टारफील्डमध्ये जे तुम्हाला खटकलं, ते त्याच्या चाहत्यांनाही खटकतं. गेल्या चार-पाच वर्षांतले मोठे गेम खेळताना मला एक गोष्ट सतत दिसत आली आहे: गेमची ताकद आणि त्याची उणीव बहुतेक वेळा एकाच निर्णयातून येतात. ग्राफिक्सला इतके गुण, कथेला तितके, असे सुटे आकडे दिले की हा धागा हातातून निसटतो. म्हणून गुण बाजूला ठेवतो आणि कुठल्या गेमनं काय ठरवलं आणि त्याची काय किंमत मोजली, ते सांगतो.

एल्डन रिंग फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. फ्रॉमसॉफ्टवेअर आणि दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी ठरवलं की खेळाडूला शक्य तितकं कमी सांगायचं. सुरुवातीच्या भुयारातून बाहेर पडलात की समोर लिमग्रेव्हचं मोकळं रान, आणि हाकेच्या अंतरावर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार. नवख्याला तो दोन-तीन फटक्यांत आडवा करतो. तिथेच कळायला हवं की इथे समोर येईल त्याच्याशी लगेच भिडायचं नसतं. मार्गिटचंही तेच. त्याची काठी वर जाते आणि वरच थांबते. इतर गेमांनी आपल्याला सवय लावलेली असते की शत्रूचा हात उठला की लोळण घ्यायची. इथे तुम्ही लोळण घेऊन उभे राहता आणि मग काठी खाली येते. तुमच्या हाताची सवय ओळखून रचलेला बॉस आहे तो. शिवाय जमिनीवरचा सोनेरी प्रकाश तुम्हाला सरळ त्याच्याच दारात नेतो. आधी दक्षिणेकडचा वीपिंग पेनिन्सुला फिरून यावं, हत्यार सुधारावं, औषधाच्या बाटल्या वाढवाव्यात, हे कुणी सांगत नाही.

पण न सांगण्याच्या याच वृत्तीमुळे या गेममध्ये जे घडतं ते दुसरीकडे क्वचितच घडतं. सुरुवातीच्याच भागात तळ्याकाठी जळक्या पडक्या भिंती आहेत, त्यांच्या तळघरात एक पेटी. उघडली की धूर येतो, आणि तुम्ही उठता ते थेट केलिड नावाच्या दूरच्या, भयंकर भागातल्या एका खाणीत, जिथले किडे तुम्हाला क्षणात संपवतात. खाणीबाहेर पडेपर्यंत नकाशावरून परत उडीही मारता येत नाही. जीव मुठीत धरून बाहेर आलात की वर लालभडक, सडलेलं आकाश. ज्यांच्या बाबतीत हे घडलं, त्या प्रत्येकाकडे सांगायला स्वतःची एक सुटकेची गोष्ट असते. बाण दाखवून, सूचना देऊन हे साधलं नसतं.

त्याच्या उणिवाही खऱ्या आहेत, आणि चाहते त्यांच्याकडे डोळेझाक करतात याचं मला वाईट वाटतं. एवढं मोठं जग भरायचं म्हणजे पुनरावृत्ती आलीच. अॅस्टेल नावाचा बॉस जमिनीखाली, खोट्या ताऱ्यांच्या आकाशात पहिल्यांदा दिसतो तेव्हा अंगावर काटा येतो. पुढे बर्फाळ भागातल्या एका खाणीत जवळजवळ तोच पुन्हा उभा केलाय, आणि पहिल्या भेटीची सगळी जादू तिथे उतरते. छोटी भुयारं तर एका साच्यातून काढल्यासारखी आहेत. राक्षसांच्या पर्वतावर पोहोचेपर्यंत जग विरळ होत जातं आणि शत्रूंचे फटके मात्र फुगत जातात. मिलिसेंटसारख्या पात्राची सुंदर, दुखरी गोष्ट ती पुढे कुठे भेटेल याचा माग न लागल्यामुळे मध्येच तुटते आणि शेवटी इंटरनेटवर शोधावं लागतं. गूढ राखणं वेगळं आणि पात्राचा पत्ताच न देणं वेगळं. जून २०२४ च्या शॅडो ऑफ द एर्डट्री या विस्तारात नकाशा आटोपशीर आणि उभ्या रचनेचा केला, तिथे हे भान बरंच आलेलं दिसतं.

स्टारफील्डबद्दल माझं मत कडक आहे. बेथेस्डानं तो सप्टेंबर २०२३ मध्ये आणला, हजारावर ग्रहांचं आश्वासन देऊन. या स्टुडिओचं खरं भांडवल काय होतं? दोन ठिकाणांमधली वाट. २०११ च्या स्कायरिममध्ये एका गावाहून दुसऱ्या गावाला निघालात की वाटेत धूर दिसायचा, वाकडी वाट करून बघायला जायचात आणि मूळ काम विसरून जायचात. स्टारफील्डनं ही वाटच काढून टाकली. नकाशा उघडा, ग्रह निवडा, लोडिंग. उतरायची जागा निवडा, पुन्हा लोडिंग. यानाचं दार उघडा, बऱ्याचदा आणखी एक लोडिंग. आणि उतरल्यावर जे तळ सापडतात ते मोजक्या साच्यांतले. सोडून दिलेली एक क्रायो प्रयोगशाळा आहे. ती एका ग्रहावर पाहिली, मग कित्येक प्रकाशवर्षं दूर दुसऱ्या ग्रहावर तीच सापडली: तेच दालन, तीच प्रेतं त्याच जागी, टेबलावरची टिपणंही तीच. त्या क्षणी शोधाची सगळी इच्छा मरते, कारण पुढच्या ग्रहावरही हेच असणार याची खात्री पटलेली असते. यान बांधण्याची सोय मात्र मनापासून आवडावी अशी आहे, आणि व्हॅनगार्ड या दलाच्या मोहिमांची मालिका चांगली लिहिली आहे. पण ती मालिका दहा ग्रहांच्या गेममध्येही तेवढीच चांगली वाटली असती. तुम्ही तो सोडलात यात तुमच्या संयमाचा काही संबंध नाही.

आता बाल्डर्स गेट ३. बेल्जियमच्या लेरियन स्टुडिओजनं तो ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आणला. यांनी ठरवलं की खेळाडू जे म्हणून करून बघेल, त्याला गेमनं उत्तर द्यायचं. एकच उदाहरण घ्या. मेलेल्याशी बोलता येईल असा एक मंत्र आहे. पण त्याला तुम्हीच मारलं असेल, तर प्रेत तुमच्याशी बोलायला नकार देतं. मग एखाद्याला सुचतं: रूप बदलण्याचा मंत्र वापरून दुसऱ्याच चेहऱ्यानं विचारलं तर? आणि प्रेत बोलू लागतं! कुणीतरी हे आधीच गृहीत धरून ठेवलेलं आहे. असं वारंवार घडतं आणि खेळाडूला वाटतं की या लोकांनी माझ्या डोक्यात डोकावून गेम लिहिलाय.

याचा भार तिसऱ्या अंकावर पडतो. आधीच्या दोन अंकांतले निर्णय, वाचवलेली माणसं, फसवलेले मित्र, सगळे शहरात येऊन जमतात, आणि गेम अक्षरशः कण्हायला लागतो. सुरुवातीला तर तिथे चित्र अडखळायचं, काही कथानकं पुढे सरकायची नाहीत, आणि कार्लाकसारख्या जीव लावलेल्या पात्राचा शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटायचा. नोव्हेंबर २०२३ च्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, स्वतंत्र उपसंहार जोडला, त्यानंतर निरोप नीट घेता येतो. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०२० पासून जवळजवळ तीन वर्षं खेळाडूंच्या हातात फक्त पहिला अंक होता. त्यावर असंख्य लोकांचे हात फिरले, तो घासूनपुसून लखलखीत झाला. शेवटच्या अंकाला ते भाग्य मिळालं नाही. शिवाय सामानाची पिशवी सांभाळणं हा स्वतंत्र त्रास: चार जणांची टोळी, शेकडो चीजवस्तू, आणि हवी ती कुपी कधीच चटकन सापडत नाही. तरीही संवाद आणि निर्णय आवडत असतील, तर अलीकडच्या काळात याच्या तोडीचं मला काही दिसलेलं नाही.

सिल्कसाँग या गेमबद्दल थोडक्यात. टीम चेरी या ऑस्ट्रेलियातल्या अगदी छोट्या टीमनं तो सप्टेंबर २०२५ मध्ये आणला. हालचालीचा वेग, कीटकांच्या राज्याचं हातानं काढलेलं चित्र, संगीत, सगळं अप्रतिम. पण बरेच शत्रू एका फटक्यात दोन जीव नेतात आणि सुरुवातीला तुमच्याकडे असतात पाच. लास्ट जज या बॉसकडे हरलात की परतीची लांब वाट दर वेळी तुडवावी लागते. लढाई अवघड असण्याला माझी हरकत नाही. हरल्यावर तीच पायपीट पुन्हा करायला लावण्यात खेळाडू काही नवीन शिकत नाही, नुसता दमतो. मार्गिटनं त्रास दिला असेल तर हा गेम आत्ता घेऊ नका.

इथे पुण्याच्या एका गेमबद्दल बोलायलाच हवं, कारण मराठी माणसं एकतर त्याचं डोळे मिटून कौतुक करतात नाहीतर त्याला ओळखतच नाहीत. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. सर्कशीत वाढलेली राजी, असुरांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, आणि वरून हे सगळं पाहत आपसात बोलणारे दुर्गा आणि विष्णू. कथेचे दुवे सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळातून येतात, भिंतींवरची चित्रं थांबून बघावीशी वाटतात. कॅमेरा खेळाडूच्या हातात नाही. कुठून बघायचं ते बनवणाऱ्यांनी ठरवलंय. त्यामुळे महाल, जलाशय, कमानी प्रत्येक वेळी चित्रासारख्या बांधलेल्या दिसतात. आणि त्याच कॅमेऱ्यामुळे उडी मारताना समोरची कड किती लांब आहे याचा अंदाज चुकतो, घोळक्यातल्या लढाईत मागून कोण येतंय ते दिसत नाही. फटके लागतात, पण लागल्याची जाणीव हाताला नीट होत नाही. शेवट तर असा तुटतो की पुढचा अंक राहून गेला की काय असं वाटावं. पुढे सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. छोटी टीम, तुटपुंजा पैसा हे सगळं खरं आहे, आणि तरीही या उणिवा बोलून दाखवायला हव्यात, कारण तो गेम बरोबरीच्या नात्यानं वागवण्याच्या लायकीचा आहे. चार-पाच तासांत संपतो, सवलतीत मिळाला तर जरूर खेळा.

आता तुम्ही काय घ्यावं. मी क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३ सुचवेन. फ्रान्समधल्या मॉंपेलिए इथल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या नव्या स्टुडिओचा हा गेम एप्रिल २०२५ मध्ये आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट ठरला. कथेची कल्पनाच जबरदस्त आहे: दूरच्या एका स्तंभावर एक चित्रकर्ती दरवर्षी एक आकडा रंगवते, दर वर्षी एकानं कमी, आणि त्या वयाची माणसं फुलांच्या पाकळ्यांसारखी विरून जातात. पहिल्या तासातच निरोपाचा जो प्रसंग येतो, तिथे कुणी रडून-ओरडून काही सांगत नाही. बंदरावर माणसं उभी आहेत, कुणी हात धरलाय, आणि बघता बघता समोरचं माणूस नाही.

यांनी काय गाळलं ते बघा. लहान टीमनं अवाढव्य खुलं जग बांधायचा हट्ट धरला नाही. जुन्या पद्धतीचा लहानसा जगाचा नकाशा, त्यात वेगवेगळे रेखीव प्रदेश. लढाई पाळीपाळीची, पण शत्रूची पाळी असताना तुम्ही हात बांधून बसत नाही. वार येताना नेमक्या क्षणी बटण दाबून तो चुकवता (डॉज) किंवा पॅरी करता, म्हणजे हत्यारानं अडवून परतवता. पात्रांना आवाज देणाऱ्यांचं काम आणि लोरिअँ तेस्तार यांचं संगीत यांच्यावर जी मेहनत झालीय, ती या काटकसरीमुळेच परवडली असणार असं मला वाटतं.

उणिवा इथेही आहेत. प्रदेशांच्या आत नकाशा नाही, आणि एकसारख्या दिसणाऱ्या वाटांत माणूस गोल गोल फिरतो. पॅरी अचूक जमली की मार बसतच नाही, मग बचाव वाढवणाऱ्या गोष्टींना फारसा अर्थ उरत नाही. सगळ्यात मोठी चूक तिसऱ्या अंकात आहे. तिथे जगभरची जादा कामं एकदम खुली होतात, ती करावीशीही वाटतात, आणि केलीत की तुमची ताकद इतकी वाढते की शेवटचा बॉस काही वारांतच कोसळतो. ज्या लढाईसाठी अख्खी कथा रचली, ती हातात येते तेव्हा पोकळ झालेली असते. म्हणून मुख्य कथा आधी संपवा, जादा कामं नंतर करा. गेम संपल्यावरही ती करता येतात.

अवघड वाटला तर सेटिंगमध्ये ‘स्टोरी’ पातळी आहे, बिनदिक्कत ती निवडा. आणि सुरुवातीला पॅरीच्या मागे लागू नका, डॉजच करत राहा, कारण डॉजची वेळ जास्त सैल आहे. डॉज करताना स्क्रीनवर ‘परफेक्ट’ असं यायला लागलं की समजा, त्या शत्रूच्या त्या वाराला पॅरीची वेळही तीच आहे.