कुत्र्या-मांजरांचं स्किन स्क्रेपिंग सुरू करताय? आधी एवढंच करा

अरे घाबरू नकोस, पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच स्लाइडवर नुसता कचरा दिसतो, मलाही तेच दिसायचं. सुरुवातीला दोनच गोष्टी पक्क्या कर, स्क्रेपिंग (कातडी ब्लेडने खरवडून मायक्रोस्कोपखाली बघणं) आणि टेप (कातडीवर चिकटपट्टी दाबून ती बघणं). बायोप्सी नंतर बघू.

डेमोडेक्स या सूक्ष्म किड्यासाठी कातडी चिमटीत धरून दाब, मग बोथट ब्लेडला लिक्विड पॅरफिन लावून बारीक रक्त झिरपेपर्यंत खरवड, कारण हा किडा केसांच्या मुळाशी खोल असतो आणि आपण वरवर खरवडून निगेटिव्ह लिहून मोकळे होतो. सार्कोप्टिसला, म्हणजे खरजेच्या किड्याला, उलटं, वरवर पण भरपूर जागा घे, कानाची कड, कोपर. तो सापडला नाही तरी खरूज नाही असं समजू नकोस.

नेहमीच्या चुका:
- थेट १०० च्या लेन्सवर उडी. किडे १० वर बघ, कंडेन्सर (स्लाइडखालचं प्रकाश एकवटणारं भिंग) खाली घेऊन.
- स्टेनचे (स्लाइडला लावलेल्या रंगाचे) कण किंवा मेलॅनिनचे दाणे बॅक्टेरिया समजणं. मेलॅनिन तपकिरी असतं, कॉकाय (गोल बॅक्टेरिया) स्टेनमुळे निळे.

मॅलॅसेझिया ही यीस्ट (बुरशी) मात्र ऑइल इमर्शनवर, म्हणजे तेलाचा थेंब टाकून १०० च्या लेन्सवर बघ, शेंगदाण्यासारखी दिसते, एकदा ओळखलीस की विसरणार नाहीस. आणि मांजराला आधी टॉवेलात गुंडाळ रे बाबा!